गेम शोवाल्यांनो, इथे हजेरी लावा (नाव-गाव नंतर, आधी चुकलेलं उत्तर)

चौथा_पर्याय
नमस्कार मंडळी. इथे पाककृतींना विभाग आहे, भटकंतीला आहे, राजकारणावर तर रोज दोन धागे पेटतात. गेम शो बघणाऱ्यांना मात्र टेकायला ओटा नाही. चित्रपट विभागात विषय काढला की 'टीव्ही कोण बघतं हल्ली' म्हणून नाकं मुरडली जातात. म्हणून हा धागा. जुने-नवे, रोमात (नुसतं वाचत) बसलेले, सगळे या आणि ओळख करून द्या. अट एकच. नाव, गाव, नोकरी नंतर. आधी सांगायचं की पहिला शो कुठला आणि कुठलं उत्तर चुकल्याचं अजून डाचतंय.

माझ्यापासून सुरुवात. मिरज, ३ जुलै २०००, सोमवार, रात्री नऊ. 'कौन बनेगा करोडपती'चा पहिला भाग. मी नववीत. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे नोंद केल्याशिवाय ज्याला पाणीही पचत नाही असा माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोनशे पानी वही आखली. चार रकाने: मी, सौ., ताई, बंड्या. (बंड्या मीच.) पर्याय आले की सगळ्यांनी एकदम बोटं वर करायची. एक बोट म्हणजे अ, चार म्हणजे ड. खुर्चीतल्या माणसाने 'लॉक' म्हणायच्या आत. बरोबर आलं की बाबा रकान्यात काडी मारायचे.

आई त्या वेळी पोळ्या लाटत असायची. तिला बोटं दाखवता येत नसत, म्हणून ती स्वयंपाकघरातून ओरडून उत्तर द्यायची, आणि तेही पर्याय यायच्या आत. बाबा कावायचे, 'झालं, पेपर फुटला!'

माझं डाचणारं उत्तर म्हणजे हर्षवर्धन नवाथेंचा एक कोटीचा प्रश्न. संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा घटनेने यांपैकी कुणाला दिली आहे? उत्तर होतं अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे आपले महान्यायवादी. त्याच आठवड्यात नागरिकशास्त्राच्या चाचणीत मला वीसपैकी अठरा पडले होते, त्या तोऱ्यात मी छातीठोकपणे भलतंच बोट वर केलं. ताईने ते नंतर वर्षभर चहात बुडवून खाल्लं.

ती वही परवा माळा आवरताना सापडली. काड्या आहेत, तारखा आहेत, कुठल्या दिवशी वीज गेली तेही आहे. बेरीज मात्र बाबांनी कधी केलेलीच नाही.

सोलापुरी_चटणी
मी पहिली! वय ५८, त्यामुळे तुमच्या २०००ला मी 'अलीकडे' म्हणते. माझा पहिला शो टीव्हीवरचा नव्हेच, रेडिओवरचा. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट, अमीन सायानींच्या आवाजात. १९७२ला त्यांचे मोठे भाऊ हमीद सायानींनी तो सुरू केला होता, त्यांच्या निधनानंतर अमीनजींनी घेतला. आमच्या वाड्यात रेडिओ एकच, घरमालकांचा. त्यांच्या ओसरीवर सात-आठ पोरं गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. मालकीणबाई म्हणायच्या, उत्तर आलं नाही तर घरी जा. गेलं कुणीच नाही, सगळे नुसते ओठ हलवायचे.

मग १९८५ला दूरदर्शनवर 'क्विझ टाइम', सिद्धार्थ बासू. सगळा कारभार इंग्रजीत, निम्मं डोक्यावरून जायचं. तरी त्यांचं ते शांतपणे पुढच्या संघाकडे वळणं बघायला बसायचे. पुढे 'करोडपती'च्या श्रेयनामावलीत त्यांचंच नाव दिसलं तेव्हा गावचा माणूस मुंबईत भेटल्यासारखं वाटलं.

चुकलेलं उत्तर: ऑस्ट्रेलियाची राजधानी. सिडनी म्हणाले. चाळीस वर्षांत किती जणांना कॅनबेरा सांगून झालं, पण तो दिवस पुसला जात नाही.

ता. क. चौथा_पर्याय, बेरीज करा!!

पन्नास_पन्नास
+१. बेरीज करा. (ओळख नंतर देतो, ऑफिसात आहे.)

गल्लीतली_भावजय
पैठणीवाला शो चालतो का या धाग्यात? चालत नसेल तर निमूट जाते.

माझा पहिला म्हणजे अंताक्षरी. झी, अन्नू कपूर, दिवाने-परवाने-मस्ताने. पण खरा जीव 'होम मिनिस्टर'मध्ये. २००४ला सुरू झाला आणि संध्याकाळी साडेसहाला आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत जिन्यावर माणूस दिसेनासा झाला. काही वर्षांनी तो शो आमच्या काकूकडेच आला. आदल्या रात्री काकूचा सोफा, शोकेस, कपाट सगळं शेजारी जोशांकडे. जोशांच्या घरात त्या रात्री माणसं उभ्यानं जेवली. काकू आठ दिवस उखाणा पाठ करत होती आणि ऐन वेळी काकांचं नावच विसरली. भावोजींनी 'घाई नाही वहिनी' म्हणत सावरून घेतलं.

शेवटचा खेळ फुगे फोडायचा. समोर स्पर्धेला जोशीण, जिच्या घरात काकूचं सामान. एका फुग्याने पैठणी जोशिणीकडे. तीच पैठणी नेसून ती माझ्या चुलतभावाच्या लग्नात मांडवात सगळ्यात पुढे बसली होती. काकू हसत हसत तिची ओटी भरत होती आणि मला म्हणत होती, 'बघ, काठ उसवलाय.' उसवला नव्हता.

पूर्णविराम
स्वागत आहे, पण एक तांत्रिक मुद्दा. होम मिनिस्टर हा गप्पांचा कार्यक्रम, त्यात खेळ आहेत. करोडपती ही प्रश्नमंजूषा. खरा गेम शो म्हणजे नियम, घड्याळ, आणि हरलं तर हातातलं जाणं. हरल्यावर काही जात नसेल तर तो गेम शो कसा?

गल्लीतली_भावजय
@पूर्णविराम, आमच्या काकूचं काय गेलं ते काकूला विचारा.

सोलापुरी_चटणी
हसून हसून पुरेवाट! पूर्णविराम, इनो घ्या. आणि तुमची ओळख कुठाय? धाग्याचा नियम आहे.

पूर्णविराम
बरं. पुणे, बँकेतून निवृत्त. पहिला शो झीवरचा 'सांप सीढी', मोहन कपूर. नव्वदीच्या सुरुवातीला केबलवाल्याने गच्चीवरून वायर सोडली आणि पहिल्यांदा जमिनीवर आखलेल्या सापशिडीत जिवंत माणसं चढता-उतरताना पाहिली. डाचणारं उत्तर सांगणार नाही. बँकिंगचं होतं.

पण मुद्दा सोडत नाही. २०००-०१ची भाऊगर्दी आठवा. करोडपती चालला म्हणून झीने 'सवाल दस करोड का' आणला, अनुपम खेर आणि मनीषा कोईराला. रक्कम दहापट, आणि बघणारं कुणी नाही. सोनीने गोविंदाला घेऊन 'जीतो छप्पर फाड के'. २००२ला 'कमजोर कडी कौन', नीना गुप्ता. तो मूळ बीबीसीचा, तिकडे अ‍ॅन रॉबिन्सन स्पर्धकाला जाहीर टोचायची. नीनाबाईंनी कसोशीने तेच केलं, पण आपल्याकडे पाहुण्याला घरी बोलावून घालूनपाडून बोललेलं कुणाला बघवतं? बच्चन खुर्ची सरकवून द्यायचे, बायकांना हात देऊन बसवायचे. माझ्या मते करोडपती पैशावर नाही, त्या खुर्ची सरकवण्यावर चालला.

चौथा_पर्याय
हे पटलं. आणि ती शिडी! पाचव्या प्रश्नाला दहा हजार, दहाव्याला ३ लाख २० हजार, हे दोन टप्पे ओलांडले की तेवढं तरी घरी जायचं. ६ लाख ४० हजारानंतर पुढचा आकडा दुपटीचा १२ लाख ८० हजार न येता साडेबारा लाख यायचा. बाबांनी वहीत त्यापुढे लिहून ठेवलंय, 'तीस हजारांची तफावत. का?'

एडिसनची_मावशी
न्यू जर्सीहून नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा लिहितेय, चूकभूल द्या-घ्या.

१९९९ला लग्न होऊन इथे आले. नवरा सकाळी आठला जायचा. मला नोकरीचा परवाना नाही, गाडी येत नाही, खिडकीबाहेर बर्फ. अकरा वाजता 'द प्राइस इज राइट' लागायचा. बॉब बार्कर, पांढरे केस, हातात लांब काडीसारखा माइक. १९७२पासून २००७पर्यंत एकट्याने तो शो ओढला त्या माणसाने. त्यात प्रश्न विचारत नाहीत, वस्तूची किंमत ओळखायची. कपडे धुण्याची पावडर, सूपचा डबा, खुर्ची, गाडी. किमतीच्या वर गेलात की बाद. मी वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे किमती लिहून ठेवायचे. पहिल्यांदा नवऱ्याबरोबर दुकानात गेले तेव्हा पावडरीच्या डब्यासमोर उभी राहून म्हणाले, इथे महाग आहे. तो बघतच राहिला, ही कालपर्यंत घराबाहेर पडली नव्हती!

सासूबाई आल्या तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यातला प्लिंको त्यांना जाम आवडायचा. उभ्या फळीवर खिळेच खिळे, वरून चकती सोडायची, ती ठेचकाळत खाली येऊन एखाद्या खणात पडते. खणावर लिहिलेली रक्कम तुमची. सासूबाई प्रत्येक चकतीला 'इकडं ये गं बाय' म्हणायच्या. शेवटी बार्कर न चुकता सांगायचा की आपल्या कुत्र्यामांजरांची नसबंदी करून घ्या. हे भाषांतर करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'आणि लोकांनी सूप विकत घ्यायचं कधी?'

माझं डाचणारं उत्तर 'जेपर्डी'तलं. तिथे उत्तर समोर येतं आणि तुम्ही प्रश्न विचारायचा असतो. २००४ला केन जेनिंग्ज सलग ७४ वेळा जिंकला, तेव्हा आम्ही दोघं रोज त्याच्याविरुद्ध खेळायचो. एकदा भारतावरचा रकाना आला. मी उठून उभी राहिले. पाचपैकी दोन आली. नवऱ्याला चार. तो कॉमर्सवाला.

पन्नास_पन्नास
आलो. ओळख: नाशिक, २३, सध्या स्पर्धा परीक्षा. माझा पहिला शो फोनवरचा म्हणा. आजोबा टीव्हीवर करोडपती बघायचे आणि मी शेजारी बसून अ‍ॅपवर तेच प्रश्न खेळायचो. आजोबांना वाटायचं मी लक्ष देत नाही. मराठीत २०१९ला नागराज मंजुळेंनी 'कोण होणार करोडपती' केला, त्यातलं त्यांचं समोरच्याच्या गावाबद्दल विचारत बसणं मला फार आवडायचं. आजोबा सचिन खेडेकर पक्षाचे. त्यावरून घरात दोन गट.

चुकलेलं उत्तर सांगत नाही, दोन महिन्यांनी पूर्वपरीक्षा आहे, अपशकुन नको.

एक प्रश्न: कोटी जिंकले तर हातात किती येतात खरे?

पूर्णविराम
हे माझं खातं. अशा बक्षिसावर सरळ ३० टक्के कर, वर रकमेप्रमाणे अधिभार, वर ४ टक्के उपकर. देणारा कापूनच देतो. करमुक्त मर्यादा वगैरे इथे चालत नाही, विमा काढला, भविष्य निर्वाह निधीत टाकले म्हणून वजावटही नाही. कोटीतले साधारण ६५-६६ लाख धरा आणि अभ्यासाला लागा.

मास्तर_सातारकर
उशिरा आलो, पण वाट्या घेऊन आलोय.

जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. पहिला शो 'खुल जा सिम सिम', २००१, अमन वर्मा. तो ज्या अमेरिकन 'लेट्स मेक अ डील'वरून घेतला त्याच्या सूत्रसंचालकाचं नाव माँटी हॉल, आणि त्याच्या नावाचं एक कोडं आहे. तीन दारं, एकामागे गाडी, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडलं. कुठल्या दारामागे काय आहे हे सूत्रसंचालकाला माहीत आहे. तो उरलेल्या दोहोंपैकी बकरीचं एक दार उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलायचं का? काय कराल?

पन्नास_पन्नास
दोन दारं उरली. पन्नास-पन्नास. बदलून काय फरक?

गल्लीतली_भावजय
मी बदलणार नाही. बदललं आणि पहिलंच बरोबर निघालं तर जन्मभर जोशीण हसेल.

मास्तर_सातारकर
तुम्ही दोघं चांगल्या संगतीत आहात. १९९०ला मेरिलिन व्हॉस सावंत नावाच्या बाईंनी अमेरिकेत आपल्या सदरात लिहिलं की बदलण्यात दुप्पट फायदा आहे. (सावंत बघून उड्या मारू नका, त्या आपल्याकडच्या नव्हेत.) त्यांना दहा हजारांच्या आसपास पत्रं आली, बरीचशी 'बाई, तुमचं चुकलं' सांगणारी, त्यांत गणिताचे डॉक्टरही. बाई बरोबर होत्या.

माझ्या आठवीच्या वर्गालाही पटेना. मग पोषण आहाराच्या तीन वाट्या घेतल्या, पालथ्या घातल्या, एकीखाली चिंचोका. एक पोरगं निवडणार, दुसरं, ज्याला चिंचोका कुठे ते माहीत आहे, ते रिकामी वाटी उचलणार. ४५ डाव न बदलता: चिंचोका १४ वेळा. ४५ डाव बदलून: ३१ वेळा. फळ्यावर आकडे लिहिले तरी मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, सर, वाटी पोचकी आहे, पोरं ओळखतात. बघितलं तर खरंच पोचकी होती. वाटी बदलून पुन्हा नव्वद डाव. आकडा तसाच, उन्नीस-बीस.

पन्नास_पन्नास
पण का?

मास्तर_सातारकर
शंभर वाट्या घे. तू एक निवडलीस. मी, ज्याला सगळं माहीत आहे, उरलेल्यांतल्या ९८ रिकाम्या वाट्या उचलल्या आणि एकच पालथी ठेवली. आता तुझ्या वाटीवर तुझा विश्वास किती? तू शंभरातली एक उचलली होतीस. मी जी ठेवली ती मुद्दाम ठेवली. मला माहीत नसतं आणि मी अंदाधुंद उचलत सुटलो असतो, तर तुझं पन्नास-पन्नास खरं होतं.

पन्नास_पन्नास
...आयडी बदलावा लागणार.

मास्तर_सातारकर
खिचडीच्या वाटीवरून आठवलं. २०१९ला कोटी जिंकलेल्या बबिता ताडे अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या मावशींना पोरांनी इतके प्रश्न विचारले की खिचडी लागली.

खुर्चीपासून_चार_फूट
मी गेलोय. कुठला शो ते विचारू नका.

कोल्हापूर, सरकारी नोकरी, भूगोलाचा पदवीधर. फोनवर प्रश्नाचं उत्तर दिलं, नाव लागलं, मग एका हॉलमध्ये लेखी चाळणी. पास. मग कॅमेऱ्यासमोर 'तुमची गोष्ट सांगा'. मी सांगितली. आई-वडील ठणठणीत, घर स्वतःचं, बायकोशी बरं चाललंय. समोरची मुलगी पेन थांबवून म्हणाली, 'सर, काही संघर्ष?' मी पुष्कळ विचार केला आणि म्हणालो, दहावीला गॅदरिंगमध्ये नाटकातून काढलं होतं. तिने लिहून घेतलं नाही. बाहेर रांगेतला एकजण म्हणाला, अहो, आजी तरी आजारी पाडायची.

तरी निवड झाली. आदल्या दिवशी सूचना: बारीक चौकटीचा शर्ट नको, कॅमेऱ्यात लहरी दिसतात. माझे सगळे शर्ट बारीक चौकटीचे. नवा निळा घेतला. स्टुडिओत एसी इतका की बोटं काकडलेली. आम्ही दहा जण गोलात. प्रश्न: या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे लावा. नर्मदा, तापी, गोदावरी, कृष्णा. बसल्या जागी डोळ्यांसमोर नकाशा उभा राहिला. पर्याय उलटसुलट आलेले. मी झरझर दाबलं, चार सेकंदांच्या आत. नाव आलं दुसऱ्याचंच, सहा सेकंदवाल्याचं. माझी तापी नर्मदेच्या वर गेली होती. काकडलेलं बोट शेजारच्या बटणावर पडलं, बाकी काही नाही.

नोकरीच्या ठिकाणी अजून मला 'तापी' म्हणतात.

एडिसनची_मावशी
अगं बाई! तुमच्यासाठी मन कळवळलं. इथला एक किस्सा सांगते, बरं वाटेल. १९८४ला ओहायोतला मायकल लार्सन, आइस्क्रीमची गाडी चालवणारा. 'प्रेस युअर लक' नावाच्या शोमध्ये फळ्यावर दिवे फिरायचे, बटण दाबलं की थांबायचे. सगळ्यांना वाटे नशीब. याने घरी भाग टेप करून, थांबवून थांबवून बघितले आणि ताडलं की दिवे पाचच ठराविक चालींनी फिरतात. पाठ केल्या. गेला आणि १,१०,२३७ डॉलर घेऊन आला. वाहिनीवाल्यांनी खल केला, फसवणूक म्हणावी तर त्याने नियम एकही मोडला नव्हता. दिले पैसे.

खुर्चीपासून_चार_फूट
म्हणजे त्याने थंडीत बटण दाबायचा सरावही केला असणार. मी नकाशाच पाठ करत बसलो.

पूर्णविराम
तापीसाहेब, तुमचं काहीतरी गेलं. तुमचा शो माझ्या व्याख्येत बसतो. काकूंचंही बसतं, मागे घेतो.

गल्लीतली_भावजय
स्क्रीनशॉट काकूला पाठवला.

सोलापुरी_चटणी
चौथा_पर्याय, बेरीज?? पळून गेलात काय?

चौथा_पर्याय
झाली. दोन रात्री लागल्या. एकूण ६१ भाग. बाबा ४१८, आई ३९१, ताई ३०३, बंड्या २१२. हसू नका, मी नववीत होतो.

पण आईच्या रकान्यात काड्यांखेरीज पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत. आधी वाटलं शाई गळली. मग तिला फोन केला. ती म्हणाली, 'पर्याय यायच्या आत मी सांगायचे आणि बरोबर यायचं ना, तेव्हा ते काडी मारायचे नाहीत. ठिपका द्यायचे.' ठिपके मोजले. ६४. म्हणजे आई ४५५.

आई म्हणाली, थांब, फोन त्यांच्याकडे देते, तूच सांग. सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, 'ठिपके धरायचे नाहीत. पहिल्या दिवशीच ठरलं होतं.' मागून आई काहीतरी ओरडली. मला नीट ऐकू आलं नाही, पण बाबा म्हणाले, 'बघ, अजून प्रश्न पूर्ण व्हायचाय आणि हिचं उत्तर तयार.'